रुग्णाचे घर आणि सरकारची थैली

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा लेख)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे ‘अमेरिकेतील अनुभव’ असा मथळा छापला आहे. तो वाचून नायगाऱ्याचा धबधबा आणि स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा यांचे वर्णन ऐकावयास मिळेल, अशी कित्येकांची समजूत झाली असेल. त्यांची आम्ही आरंभीच क्षमा मागतो. अमेरिकेत आम्ही पाच महिने काढले खरे, परंतु त्यांतील बहुतेक काळ एका खोलीत, एका पलंगाशेजारी गेला. त्या खोलीचे भाडे कोण देतो हे आम्हास ठाऊक होते. त्या पलंगाशेजारी रात्री येऊन बसणाऱ्या परिचारिकेचे वेतन कोण देतो, हे मात्र ठाऊक नव्हते. ते समजून घेण्याच्या खटपटीतून जे हाती लागले, ते आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पुढे अध्यापनाची पदविका घेऊन सातारा जिल्ह्यात पस्तीस वर्षे अंकगणित शिकविले. कायद्याचे ज्ञान आम्हास नाही. तथापि नियम म्हटला की त्यात त्रैराशिक असतेच, आणि त्रैराशिक आम्हास सुटते.

आमची कन्या व जामात पेनसिल्व्हेनिया राज्यात, फिलाडेल्फिया शहराच्या एका उपनगरात राहतात. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा नातू, नऊ वर्षांचा आहे. जन्माच्या वेळी त्याच्या मेंदूस प्राणवायू कमी पडला. तो चालत नाही, बोलत नाही. गळ्याशी श्वासनलिकेस छिद्र पाडून नळी बसविली आहे आणि पोटातल्या दुसऱ्या नळीतून त्यास अन्न दिले जाते. रात्री केव्हाही गळ्यातल्या नळीत कफ अडकतो. तो यंत्राने दोन मिनिटांत ओढून काढला नाही तर मूल गुदमरते. म्हणून रात्रभर कोणीतरी जागे असावेच लागते. त्याला ओळख आहे. आम्ही पाढे म्हणू लागलो की तो हसत असे, आणि एकोणतीसच्या पाढ्यास, जो आम्ही स्वतःच अडखळत म्हणतो, विशेष हसत असे.

आपल्यापैकी कित्येकांच्या मनात असे असेल की, अमेरिकेत नोकरी करणाऱ्या माणसास सरकारी मदत कशास लागावी? आमच्याही मनात तेच होते. जामातांनी आम्हास हिशेब दाखविला. कचेरीतून मिळालेला विमा इस्पितळाचा खर्च बहुतांशी देतो. पण घरी येऊन बसणाऱ्या परिचारिकेसाठी त्याची मर्यादा फार थोडी. उलट रोज रात्री आठ तास शिकलेली परिचारिका स्वतःच्या खिशातून ठेवावयाची तर दोघांचे वेतन त्यातच जाईल. तेव्हा आधी खासगी विमा जे देईल ते घ्यावयाचे आणि उरलेल्यासाठी ‘मेडिकेड’ या सरकारी योजनेकडे जावयाचे, असा तेथील क्रम आहे.

येथे दोन नावांचा घोटाळा दूर केला पाहिजे. अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने १९६५ साली एकाच कायद्याने दोन योजना काढल्या. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी मिसुरी राज्यातील इंडिपेंडन्स या गावी त्यावर सही केली. पहिली ‘मेडिकेअर’, मुख्यतः ६५ वर्षांवरील वृद्धांसाठी; १९७२ च्या दुरुस्तीनंतर दीर्घकाळ अपंगत्व आलेले त्याहून लहान वयाचे लोकही तीत आले. ती सर्वस्वी मध्यवर्ती सरकारची. दुसरी ‘मेडिकेड’, मूळची गरिबांसाठी. तिचा खर्च मध्यवर्ती सरकार व राज्य वाटून घेतात, मध्यवर्ती सरकारचा वाटा निम्मा वा त्याहून अधिक असतो, आणि नियम बरेचसे राज्याचे असतात. त्यामुळे राज्याची सीमा ओलांडली की नियम बदलतो. आमच्या नातवाची परिचारिका या दुसऱ्या थैलीतून येते. पण पहिल्या थैलीचे नियम आधी सांगतो, कारण सरकार पैसे कसे मोजते यावरून रुग्णाचे काय होते, हे तीत स्वच्छ दिसते.

मेडिकेअरमधून घरी सेवा मिळण्यास रुग्ण ‘गृहबद्ध’ असावा लागतो. म्हणजे घराबाहेर पडण्यास त्यास मोठे सायास पडत असले पाहिजेत. तो प्रार्थनामंदिरात गेला तर हरकत नाही, असे कायद्यात स्पष्ट आहे. हे वाचून आम्हास बरे वाटले. दुसरे, त्यास शिकलेल्या परिचारिकेची अथवा व्यायामोपचारकाची अधूनमधून गरज असली पाहिजे. डॉक्टरने, आणि २०२० पासून विशेष शिक्षण घेतलेल्या परिचारिकेनेही, सेवा सुरू होण्याआधी ९० दिवसांत किंवा नंतर ३० दिवसांत रुग्णास प्रत्यक्ष पाहून तसे लिहून द्यावयाचे आणि दर ६० दिवसांनी ते पुन्हा तपासावयाचे. घरभेटीबद्दल रुग्णाकडून एक पैसाही घेतला जात नाही. मात्र रोज आठ तासांहून आणि आठवड्यास साधारणतः २८ तासांहून अधिक सेवा त्यात बसत नाही. नुसते आंघोळ घालणे, भरविणे एवढ्यासाठीही ती मिळत नाही. सारांश, अडीअडचणीच्या काळापुरती ही सोय आहे. जन्मभराच्या दुखण्याची नव्हे.

ही सेवा सरकार स्वतः देत नाही. ती खासगी वा धर्मादाय संस्था देतात. त्यांना तेथे ‘एजन्सी’ म्हणतात. सरकार या एजन्सीस पैसे देते. ते कोणत्या मापाने द्यावयाचे, हाच सगळा प्रश्न आहे, आणि त्या सरकारने साठ वर्षांत तीन-चार मापे बदलून पाहिली.

प्रारंभी माप असे होते की, जितक्या घरभेटी, तितका खर्च, काही कमाल मर्यादेत भरून द्यावयाचा. परिणाम व्हावयाचा तोच झाला. १९९० नंतरच्या सहासात वर्षांत दर रुग्णामागे भेटींची संख्या दुपटीच्या घरात गेली. मग १९९७ च्या कायद्याने सरकारने लगाम एकदम आवळला. दर रुग्णामागे वर्षाची सरासरी मर्यादा घातली गेली. ज्या एजन्सीकडे चार दिवसांत बरे होणारे रुग्ण होते, तिचे निभावले. जिच्याकडे वर्षानुवर्षे सेवा लागणारे, अनेक व्याधींचे रुग्ण होते, ती बुडाली. दोनतीन वर्षांत तीन हजारांच्या आसपास एजन्सी बंद पडल्या आणि उरलेल्या जड रुग्ण घेण्यास कचरू लागल्या. १ ऑक्टोबर २००० पासून तिसरे माप आले : साठ दिवसांचा एक ठोक आकडा, रुग्णाच्या स्थितीप्रमाणे कमीअधिक. त्यात व्यायामोपचाराच्या भेटी दहा झाल्या की रक्कम बरीच वाढत असे. मग काय, ज्यांना सात भेटी पुरल्या असत्या त्यांनाही दहा भेटी होऊ लागल्या. २००८ साली सरकारने दहाची पायरी काढून सहा, चौदा आणि वीस अशा पायऱ्या केल्या. तेव्हा भेटींचे थवे दहावरून उठून सहा, चौदा आणि वीस यांवर जाऊन बसले.

आपल्यात शिक्षकपेशातली मंडळी आहेत. त्यांना हे ऐकून हसू येईल, आणि थोडी लाजही वाटेल. ऑक्टोबर २०११ मध्ये महाराष्ट्रात पटपडताळणी झाली होती, ती आठवावी. अनुदान आणि शिक्षकांची पदे पटावर अवलंबून; म्हणून पट फुगले. कागदावरची कितीतरी मुले त्या दिवसांत वर्गात सापडली नाहीत. त्या मुख्याध्यापकांना आम्ही सरसकट चोर म्हणणार नाही. एक शिक्षक कमी झाला तर दोन वर्ग एकत्र बसतात, हे आम्ही भोगले आहे. ज्या गोष्टीवर पैसा मोजला जातो ती गोष्ट वाढते, मग ती वाढावयास हवी असो वा नसो. अमेरिकेतील एजन्सीवाले आणि आमचे मुख्याध्यापक यांत आम्हास तरी फरक दिसला नाही.

१ जानेवारी २०२० पासून चालू झालेले माप मात्र आमच्यासारख्या गणिताच्या मास्तरास मोहात पाडील असे आहे. भेटींची संख्या पायरी म्हणून सर्वस्वी बाद झाली. ठोक रक्कम साठाऐवजी तीस दिवसांची झाली. रुग्ण इस्पितळातून आला की घरूनच, असे दोन प्रकार; पहिले तीस दिवस की नंतरचे, असे दोन; आजाराचे बारा वर्ग; हिंडण्याफिरण्याच्या शक्तीच्या तीन पायऱ्या; जोडआजारांच्या तीन पायऱ्या. गुणाकार करा : दोन दुणे चार, चार बारा अठ्ठेचाळीस, त्रिगुणित एकशे चव्वेचाळीस, पुन्हा त्रिगुणित ४३२. सर्व रुग्ण या ४३२ कोनाड्यांत बसवावयाचे आणि प्रत्येक कोनाड्याचा दर ठरलेला. तीस दिवसांत भेटी फारच थोड्या झाल्या (कोनाड्याप्रमाणे ही किमान संख्या दोन ते सहा असते), तर ठोक रक्कम न देता भेटीगणिक पैसे. फारच खर्चिक रुग्ण असेल तर वरकड रक्कमही मिळते, परंतु तिला एकूण खर्चाच्या अडीच टक्क्यांची मर्यादा. इतके करूनही जानेवारी २०२० मध्ये व्यायामोपचारकांना कामावरून कमी केल्याच्या तक्रारी झाल्याच. पूर्वी ज्यांच्या भेटीने पैसा येत होता, त्यांच्या भेटीने आता तो जाऊ लागला. भेट तीच, उपचारकही तोच.

या मेडिकेअरच्या इतिहासातील एक प्रकरण आम्ही मुद्दाम सविस्तर सांगतो. पुढे त्याचे आम्हास काम पडणार आहे. अनेक वर्षे तेथे अशी वहिवाट पडली होती की, रुग्णात ‘सुधारणा’ दिसत नसेल तर सेवा बंद करावयाची. कायद्यात तसे शब्द नव्हते. पण कागद तपासणाऱ्यांनी ती कसोटी लावली आणि ती रूढ झाली. व्हरमाँट राज्यातील ग्लेंडा जिमो नावाच्या बाई, अंध, मधुमेहाने एक पाय गुडघ्याखाली गमावलेल्या. त्यांना सुधारणेची शक्यता नाही म्हणून घरची सेवा नाकारली गेली. त्या व इतर काही जण सरकारविरुद्ध न्यायालयात गेले. जानेवारी २०१३ मध्ये न्यायालयाने तडजोड मंजूर केली, आणि सरकारने मान्य केले की, प्रकृती आहे तशी राखण्यासाठी किंवा ती ढासळण्याचा वेग कमी करण्यासाठी शिकलेल्या हाताची गरज असेल, तर तीही सेवा देय आहे. बरे होणे ही अट नाही.

आता दुसरी थैली.

मेडिकेडच्या कायद्यात वृद्धाश्रमवजा शुश्रूषागृहाचा खर्च देणे राज्यास बंधनकारक आहे. घरी दीर्घकाळ मदतनीस देणे बहुतांशी ऐच्छिक. म्हणजे माणूस घराबाहेर पाठविला तर पैसे हक्काने, घरी ठेवला तर राज्याच्या मर्जीने. या विचित्र उताराचे टोक एका लहान मुलीच्या बाबतीत दिसले. तिचे नाव केटी बेकेट. जन्म १९७८ चा, आयोवा राज्यातील सीडर रॅपिड्स येथला. पाचव्या महिन्याच्या सुमारास तिला मेंदूज्वर झाला आणि श्वासासाठी यंत्र लागू लागले. तीन वर्षांची होईतो ती इस्पितळातच राहिली. तोवर डॉक्टरांचे मत झाले होते की ती घरी राहू शकेल, आणि घरी राहिली तर खर्चही कितीतरी कमी येईल. परंतु नियम असा होता की, मूल महिन्याहून अधिक काळ इस्पितळात असेल तर आईबापांची मिळकत जमेस धरावयाची नाही. मूल घरी आले की धरावयाची. आईबाप श्रीमंत नव्हते, पण नियमाच्या दृष्टीने गरीबही नव्हते. सबब मुलीने घरी पाऊल ठेवताच तिची मदत बंद झाली असती. सरकार इस्पितळास जास्त रक्कम देण्यास तयार, घरास कमी रक्कम देण्यास नाही!

नोव्हेंबर १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी पत्रकारांपुढे या मुलीची हकीकत सांगितली. ते सरकारी खर्च कमी करण्याच्या पक्षाचे गृहस्थ. त्यांना हे उदाहरण कारभारातील मूर्खपणाचा मासला म्हणून हवे होते. हेतू काही असो, त्याच वर्षीच्या डिसेंबरात केटी खास सवलतीने घरी आली आणि १९८२ च्या कायद्यात अशा मुलांसाठी राज्यांना मुभा मिळाली : मूल इस्पितळात ठेवण्याइतके आजारी असावे, घरचा खर्च संस्थेतील खर्चाहून अधिक नसावा, आणि मग आईबापांची मिळकत पाहू नये. तीच मुलगी पुढे महाविद्यालयात शिकली, अपंगांच्या हक्कांसाठी बोलत हिंडली आणि २०१२ साली, ३४ व्या वर्षी वारली. ती एवढे जगेल असे कोणासही वाटले नव्हते.

पेनसिल्व्हेनियात अशाच तऱ्हेचा नियम आहे. अठरा वर्षांखालील मुलाचे अपंगत्व ठरलेल्या कसोटीस उतरले तर आईबापांचे वेतन पाहिले जात नाही. आमचा नातू तेथेच जन्मला, त्यामुळे तो तेथला नागरिक. म्हणून त्यास हे मिळते. शिवाय मेडिकेडवरील एकवीस वर्षांखालील मुलास वैद्यकीय दृष्ट्या जरूर ती सेवा दिलीच पाहिजे, असा मध्यवर्ती कायदा १९८९ पासून स्पष्ट आहे. कन्येने डॉक्टरांची पत्रे, इस्पितळाचे कागद, रोजच्या कफाच्या नोंदी असा गठ्ठा पाठविला. आणि आठवड्यास ५६ तास परिचारिका मंजूर झाली. आठ साते छप्पन्न. रोज रात्री आठ तास.

आम्ही तेथे पोचलो तेव्हा हे मंजुरीपत्र कन्येने आम्हास मोठ्या समाधानाने वाचून दाखविले. आम्हीही म्हटले, धन्य ते राज्य. त्या रात्री परिचारिका आली नाही.

शिक्षकाची सवय, आम्ही भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खूण करू लागलो. आली की बरोबर, न आली की फुली. आमच्या मुक्कामाच्या १५० रात्रींत ती ९७ रात्री आली. त्रेपन्न फुल्या. फुलीच्या रात्री दोनपर्यंत कन्या आणि दोननंतर जामात बसत. सकाळी दोघेही कामावर. डिसेंबरातल्या एका फुलीच्या रात्री कन्येस बसल्या जागी डुलकी लागली. यंत्राची घंटा वाजली ती आम्ही शेजारच्या खोलीत ऐकली आणि धावलो. मुलाचे ओठ निळे पडले होते. कन्येने नळी साफ केली. मूल पूर्ववत झाले. ती मग स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. आम्ही तिच्या पाठीवर हात ठेवला तर म्हणाली, “बाबा, तुम्ही आईला हे सांगू नका.” आज सौभाग्यवती सभागृहात समोर बसल्या आहेत आणि त्यांना हे आता कळत आहे, त्याबद्दल घरी गेल्यावर काय ते होईल.

परिचारिका का येत नसे? एजन्सी वाईट होती का? आम्हास तसे दिसले नाही. तिची व्यवस्थापिका दूरध्वनीवर दर वेळी क्षमा मागे आणि ती खरी वाटे. कारण मापात आहे. राज्य तासाचा, बहुधा पाव तासाच्या हिशेबाने, दर ठरविते. त्या दरातून एजन्सीने कचेरी, देखरेख, विमा, शिक्षण आणि आपला नफा काढावयाचा व उरलेले परिचारिकेस द्यावयाचे. तीच परिचारिका इस्पितळात गेली तर तिला अधिक मिळते, आणि हाताशी डॉक्टरही असतो. मग ती एकट्या घरी, मध्यरात्री, गळ्यात नळी असलेल्या मुलाची जबाबदारी कशास घेईल? ज्या येत त्या मायेने येत, असेच म्हणावे लागेल. बारा वर्षांपूर्वी हैतीहून आलेल्या एक बाई होत्या. त्या आम्हास ‘प्रोफेसर’ म्हणत आणि नातवाचे केस स्वतःच्या कंगव्याने विंचरीत.

परिचारिका आली नाही तर त्या तासांचे पैसे सरकार देत नाही, आणि ते बरोबरच आहे. परंतु मंजूर झालेले आणि न भरलेले तास सरकारच्या थैलीत शिल्लक राहतात, हेही तितकेच खरे. मंजुरी उदार असावी आणि दर अपुरा असावा, म्हणजे औदार्याचे श्रेय मिळते व पैसाही वाचतो. तेथल्या राज्यकर्त्यांनी हे जाणूनबुजून केले, असा आमचा आरोप नाही. आमच्या त्रेपन्न फुल्यांचा अर्थ एवढाच होतो.

आणि हजेरीची कडक व्यवस्था आहे बरे का! २०१६ च्या कायद्यान्वये सेवेचा प्रकार, घेणारा, देणारा, तारीख, स्थळ आणि सुरू व संपल्याची वेळ या सहा गोष्टी विजेच्या यंत्रावर नोंदल्या पाहिजेत. परिचारिका दारात येताच दूरध्वनीयंत्रावर बोट ठेवी. फसवणूक होते म्हणून हे केले आणि होतही असे. पण जी आली तिचीच हजेरी ते यंत्र घेते. जी आली नाही तिची नोंद आमच्या दिनदर्शिकेखेरीज कोठे होती, आम्हास ठाऊक नाही.

काही राज्यांनी यातून वाट काढली आहे. कोलोराडोत आईने वा बापाने सहायक परिचारिकेचे शिक्षण घेतले तर एजन्सीमार्फत आपल्याच मुलाच्या सेवेचे वेतन त्यांना मिळू शकते. ऐकून प्रथम आम्हास विचित्र वाटले, आईला पगार! मग वाटले, ती नोकरी सोडून बसली आहे तर तिच्या जेवणाची तरतूद कोणी करावयाची? दुसऱ्या बाजूने, घरी सेवा देण्याच्या खास सवलतींसाठी त्या देशात नाव घालून वाट पाहणारांची संख्या सहा लाखांहून अधिक आहे. तेव्हा तेथे सर्व काही उत्तम आहे, असे कोणी समजू नये.

आता, बंधुभगिनींनो, इतका वेळ आम्ही परदेशाचे दोष सांगत होतो. ते सोपे असते. आपल्या देशात या जातीची व्यवस्थाच नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली ‘निरामय’ नावाची विमा योजना आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व, बहुविकलांगता असलेल्यांना वर्षास एक लाख रुपयांपर्यंत. तिचे अर्ज आपल्यातील किती कुटुंबांनी भरले आहेत? २०१८ ची आयुष्मान भारत योजना कुटुंबास पाच लाखांपर्यंत देते, पण रुग्ण इस्पितळात दाखल झाल्यास. घरी येणाऱ्या बाईचे पैसे त्यात नाहीत. सरकारकडे बोट दाखविणे येथेच थांबवितो, कारण पुढचे बोट आमच्याकडे वळते.

आपल्या संस्थेचा वैद्यकीय साहाय्य निधी आहे. त्याच्या नियमात दोन अटी आहेत : इस्पितळाच्या पावत्या जोडल्या पाहिजेत, आणि आजार उपचाराने बरा होण्याजोगा असला पाहिजे. हा नियम आमच्याच हस्ताक्षरात आहे. २०२१ साली मिरजेकडील एका ज्ञातिबंधूंचा अर्ज आला. शिवणकाम करणारे गृहस्थ. मुलगी चौदा वर्षांची, जन्मतः मेंदूच्या पक्षाघाताने अंथरुणास खिळलेली. तिला उचलून उचलून पत्नीच्या पाठीचा मणका गेला होता. त्यांनी मागितले काय? सकाळी दोन तास येणाऱ्या बाईसाठी महिना २,००० रुपये. आम्ही तेव्हा चिटणीस होतो. अर्जावर आम्ही शेरा लिहिला : ‘पावत्या नाहीत. रुग्ण बरा होण्याची शक्यता नाही. सबब नामंजूर.’ मंडळाने एकमताने संमत केला; चर्चेस दोन मिनिटेही लागली नसतील. आम्हास त्या वेळी आपण नियमाने वागलो याचे समाधान होते.

पुढच्या वर्षी त्या मुलीच्या पाठीस व्रण पडून ते चिघळले. अकरा दिवस इस्पितळात ठेवावे लागले. पावत्या आल्या, व्रण बरा होण्याजोगा होता, आणि आपण २२,००० रुपये आठ दिवसांत पाठविले. स्मरणिकेत त्याचा उल्लेखही आहे. बावीस हजार म्हणजे त्या बाईचे अकरा महिन्यांचे पैसे. हा भागाकार आम्ही त्या वेळी केला नाही. तो आम्ही फिलाडेल्फियाजवळच्या त्या खोलीत, केटी बेकेटची हकीकत कन्येकडून ऐकताना केला. अंकगणिताच्या मास्तरास भागाकार करावयास सात समुद्र ओलांडावे लागले, असे कोणी म्हटले तर आम्ही प्रत्युत्तर देणार नाही.

आज दुपारच्या सर्वसाधारण सभेत विषय क्रमांक नऊ म्हणून आमची सूचना आहे. दोन्ही अटी गाळाव्या आणि निधीचा तिसरा हिस्सा घरच्या शुश्रूषेसाठी वेगळा ठेवावा. मापाविषयी आम्ही थोडा विचार केला आहे. ठोक रक्कम दिली तर ती घरखर्चात जाईल, अशी कोषाध्यक्षांची शंका आहे. ती निराधार नाही. भेटीगणिक दिली तर वह्या फुगतील, ही आमची. म्हणून पैसे मदतनीस बाईस महिन्याअखेर थेट द्यावे आणि न आलेल्या दिवसांचीही नोंद कुटुंबाने ठेवावी, फुल्यांची. फुल्या वाढल्या तर बाईस दोष देण्यापूर्वी आपला दर पुरेसा आहे की नाही, ते आपण पाहावे. दर गावच्या चालू मजुरीहून कमी ठेवू नये; तो कमी ठेवला तर मंजुरीपत्रे वाटता येतील, बाया मिळणार नाहीत. आईबापांची मिळकत किती पाहावी यावर मतभेद होतील. आमचे मत, फारशी पाहू नये. आक्षेप असा येईल की अशी कुटुंबे फार निघतील आणि निधी पुरणार नाही. किती निघतील हे कोणी मोजले आहे? अशी मुले आपल्या घरांतून लग्नकार्याच्या वेळी मागच्या खोलीत असतात. जनगणना होणार कशी?

गेल्या महिन्यात आम्ही स्वतः मिरजेस त्या गृहस्थांच्या घरी गेलो. झाल्या गोष्टीबद्दल बोलावयाचे ठरविले होते, ते नीट जमले नाही. त्यांनी चहा दिला. मुलगी आता अठरा वर्षांची आहे. खिडकीकडे तोंड करून निजली होती. आम्ही नवा अर्ज पुढे केला. बाईंनी तो वाचला आणि विचारले, “गुरुजी, अकराव्या रकान्यात काय लिहू?” छापील अर्ज जुनाच आहे. अकरावा रकाना आहे, ‘रुग्ण बरा होण्यास लागणारा अंदाजे काळ’. आम्ही सांगितले, कोरा ठेवा.

तो अर्ज विषय क्रमांक नऊच्या कागदांबरोबर चिटणिसांच्या टेबलावर आहे.